काल का आला नाहीत?

नव्यानं वर्गात येणाऱ्या माणसाला वय, वजन, शुगर हे मी नंतर विचारते. आधी विचारते, "आता काय करता येईनासं झालंय?" मी फिजिओथेरपिस्ट आहे. लातूर आणि नांदेड या दोन शहरांत ज्येष्ठांचे व्यायामवर्ग घेताना या प्रश्नाची जी उत्तरं कानावर आली, त्यांतली बहुतेक जमिनीशी जोडलेली होती. पूजेला मांडी घालून बसता येत नाही. बसलंच तर उठताना कुणाचा तरी हात लागतो. गावाकडच्या देशी संडासात बसायची धास्ती वाटते, म्हणून गावाला जाणंच बंद झालंय. नांदेडच्या एका चाचांना सजद्यातून उठताना गुडघा साथ देत नव्हता, आणि खुर्चीवर बसून नमाज पढायला त्यांचं मन तयार नव्हतं. एक सरदारजी आले ते सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये पंगतीत खाली बसता यावं म्हणून. आणि लातूरचे एक मामा म्हणाले, "मॅडम, एसटीचं तिकीट माफ झालं, पायरी कुठं माफ झालीय?" ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. मामांना बहिणीकडं उदगीरला जायचं होतं, आणि बसची पहिली पायरी त्यांच्या गुडघ्याला फार उंच पडत होती.

आमच्या शास्त्रात याची उत्तरं पक्की आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार पासष्टीपुढच्या माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम करावेत आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे. हे मी प्रत्येकाला सांगते. पण १५० मिनिटं पूर्ण करायची म्हणून पहाटे अंथरुणातून उठलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. मामा उठायचे ते उदगीरसाठी. म्हणून त्यांचा व्यायामही पायरीपासूनच सुरू केला. आधी वीतभर उंचीचा लाकडी पाट, मग त्यावर दुसरा पाट, मग पार्कातल्या कट्ट्याची पायरी. खुर्चीवरून हात न टेकता अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं, ही एक साधी चाचणी आम्ही घेतो. मामांच्या वहीत तो आकडा वाढत गेला तसे ते तो इतरांना वाचून दाखवू लागले. बहिणीच्या घरून त्यांचा फोन आला तेव्हा व्यायामाबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. खिडकीची जागा मिळाली, एवढंच सांगितलं.

भीतीनं येणारेही पुष्कळ. रिपोर्टात साखर वाढलेली निघते, डॉक्टर दटावतात, शेजारच्या कुणाला अटॅक येतो, आणि दुसऱ्या दिवशी नवे बूट घालून माणूस मैदानावर हजर होतो. या भीतीचं आयुष्य थोडं असतं. गोळी लागू पडली, आकडा उतरला की भीतीही उतरते आणि बूट कोपऱ्यात जातात. भीतीनं आलेल्याला मी कधी परत पाठवत नाही, पण ती ओसरायच्या आत त्याच्यासाठी दुसरं काहीतरी कारण तयार व्हायला हवं, याची मला घाई असते.

मोठ्या सोहळ्यांचंही तसंच. २१ जून २०१९ ला योग दिनाचा राज्यस्तरीय कार्यक्रम नांदेडला झाला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि रामदेवबाबा आले होते, मैदान माणसांनी भरून गेलं होतं. त्या गर्दीतून आलेलं बळ खरं असतं. कित्येकांनी आयुष्यातलं पहिलं आसन अशाच कार्यक्रमात केलेलं असतं. पण एका सकाळी हजारोंच्या सोबत बसणं आणि पुढं पावसाळाभर रोज सहाला घराबाहेर पडणं, या दोन्हींमागची कारणं वेगळी असतात. मला ती दुसरी कारणं शोधायची होती.

मराठवाड्यात आणखी एक अडसर आहे, आणि तो अगदी रास्त आहे. "आयुष्यभर राबलो की हो. आता अजून कशाला हात-पाय हलवायचे?" खुरपणी, कापूसवेचणी, ऊसतोड, डोक्यावर पाण्याच्या घागरी असं करत साठी गाठलेल्या बाईला व्यायाम हा शिकलेल्यांचा, रिकामटेकड्यांचा उद्योग वाटला तर तिचं काय चुकलं? गुडघे झिजलेत ते काम करूनच. मी तिच्याशी वाद घालत नाही. एवढंच सांगते की खुरपताना शरीर तासन्‌तास एकाच बाजूला, एकाच वाकणीत राबलं. मांडीचा पुढचा भाग, कुल्हे, पाठ यांना भार सारखा कधी मिळालाच नाही. आता शेत सुटलं, काम थांबलं, त्यामुळं जी ताकद होती तीही उतरणीला लागली. ती परत आणता येते, अगदी नव्वदीतही. अमेरिकेत मारिया फियाटारोन या डॉक्टर बाईंनी १९९० मध्ये वृद्धाश्रमातल्या, सरासरी नव्वद वर्षं वयाच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

हा प्रयोग मला फार प्रिय आहे, पण वर्गात त्याचा परिणाम जेमतेमच होतो. परिणाम होतो तो शेजारच्या काकूंचा. आपल्याच वयाची, आपल्याच जाडीची, आपल्यासारखीच नऊवारीतली बाई खुर्चीला हात न लावता उठलेली दिसली की बाकीच्या जणी पदर खोचतात. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये मांडलं होतं की 'हे मला जमेल' असा भरवसा माणसाला मुख्यतः दोन ठिकाणांहून मिळतो: स्वतःला थोडंसं जमल्याच्या अनुभवातून, आणि आपल्यासारख्या माणसाला जमलेलं पाहून. उपदेशाचा नंबर त्यानंतर. म्हणून नवा व्यायाम मी स्वतः करून दाखवणं सोडून दिलं. माझं वय कमी, माझे गुडघे शाबूत. मला जमतं, याचं त्यांना कसलं नवल वाटणार? तो सत्तरीतल्या कुणाकडून तरी करवून घेते.

लातूरच्या वर्गात मला एक वेगळ्याच प्रकारच्या आज्या भेटल्या. अकरावी-बारावीच्या आणि नीटच्या तयारीसाठी आसपासच्या जिल्ह्यांतून मुलं लातूरला येतात. आई-बाप शेतात किंवा नोकरीवर. मग आजी नातवासोबत येते. एक खोली, गॅसची शेगडी, दोन वेळचा डबा. मुलगा क्लासला आणि अभ्यासिकेत गेला की ही बाई दिवसभर चार भिंतींत. गावात तिला दारातून हाक मारणारी पन्नास माणसं होती, इथं जिन्यात भेटणाऱ्याचं नावही माहीत नाही. अशा काही जणी गुडघ्यांचं निमित्त काढून वर्गात आल्या. गुडघे दुखत होते हे खरंच, पण एकटेपण त्याहून जास्त दुखत होतं. त्या नियमित येऊ लागल्या आणि इतर कुणापेक्षाही टिकल्या. व्यायाम संपल्यावर मैदानाच्या कडेला त्यांची बैठक रंगायची. कुठल्या दुकानात ज्वारी बरी मिळते, नातवाचे टेस्टमधले मार्क, गावाकडं पाऊस पडला का, सुनेचा फोन आला का. घड्याळात बघितलं तर व्यायाम अर्धा-पाऊण तासाचा आणि गप्पा तासाभराच्या. पूर्वी मला वाटायचं या गप्पा व्यायामानंतरच्या. या आज्यांनी मला दाखवलं की व्यायाम या गप्पांच्या आधीचा.

एकदा त्यांतल्या एक आजी दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दोघी जणी त्यांच्या खोलीवर जाऊन धडकल्या. "काल का आला नाहीत? परवा बी दिसला नाहीत." आजींना ताप होता. पण नंतर त्यांनी मला जे सांगितलं ते माझ्या सगळ्या प्रशिक्षणात मला कुणी शिकवलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "लातुरात येऊन वरीस झालं. मी नसले तर कुणाला कळतंय, हे त्या दिशी कळलं." तेव्हापासून मी हजेरी वही सुरू केली, आणि ती मी घेत नाही. वर्गातलंच कुणीतरी घेतं, महिनाभर एकानं. गैरहजर माणसाला त्याच सकाळी फोन करायचा, विचारपूस करायची, रागवायचं नाही, एवढाच नियम. आणखीही कामं वाटली. कुणी आकडे मोजतं, कुणी सतरंजी आणतं, कुणी नव्याला जवळ बसवून घेतं. ज्याच्याकडं काम आहे तो माणूस पाऊस असला तरी येतो, हे अनेकदा दिसलं. निवृत्त माणसाला विश्रांती हवी असते असं घरचे धरून चालतात. शिक्षक, तलाठी, कंडक्टर, बँकेतले लोक, यांना चाळीस वर्षं कुणीतरी वाट बघत असण्याची सवय झालेली असते. ती एका दिवसात, शाल-श्रीफळासकट संपते.

नांदेडच्या पुरुषांच्या वर्गात मात्र गप्पांचा असा झरा फुटायला वेळ लागला. त्यांना आकडे लागतात. मुलांनी मनगटाला बांधून दिलेल्या घड्याळावर दहा हजार पावलं झाली नाहीत तर काहींचा दिवस खराब जातो. गुडघे सुजवून घेतलेलेही त्यात होते. त्यांना मी सांगते की दहा हजारांचा हा आकडा जपानमधल्या एका कंपनीनं १९६५ च्या सुमाराला विकायला काढलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला, कुठल्या वैद्यकीय शोधातून नव्हे. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्यांमधलं मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साधारण ७,५०० च्या पुढं फायदा फारसा वाढला नाही. हे ऐकून पुष्कळांचा जीव भांड्यात पडतो. ज्यांना आकड्यानं हुरूप येतो त्यांच्याकडून तो काढून घ्यावा असं मला वाटत नाही. फक्त तो गाठता येण्याजोगा असावा.

याच वर्गातल्या एका काकांबद्दल लिहायलाच हवं. ते मूळचे किल्लारीकडचे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट त्यांनी पाहिलेली. भूकंप झाला तेव्हा चार वाजायला चार मिनिटं कमी होती. त्यानंतर साडेतीनच्या पुढं त्यांना झोप लागत नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. पहाटेचा तो वेळ अंथरुणावर काढणं त्यांना असह्य व्हायचं. वर्गात आल्यावर त्यांनी आपणहून मैदानाचं फाटक उघडण्याचं, सतरंज्या घालण्याचं काम मागून घेतलं. पावणेपाचला ते घरातून निघतात. मी त्यांना बरं केलं असा माझा दावा नाही, झोप अजूनही उडतेच. पण उडाल्यावर काय करायचं ते आता ठरलेलं आहे.

व्यायाम हे नावही न घेता आयुष्यभर व्यायाम करणारी माणसं नांदेडमध्ये रोज दिसतात. गुरुद्वाऱ्यात सेवेला येणारे वयस्कर स्त्री-पुरुष पहाटे चालत येतात, फरशी पुसतात, लंगरमध्ये तासन्‌तास पोळ्या लाटतात, खाली बसतात, उठतात, पुन्हा बसतात. गोदावरीचं पाणी रोज पहाटे गागरीत भरून आणायची परंपरा तिथं आजही चालू आहे. त्यांना प्रेरणा कशातून मिळते, असं विचारायला मला संकोच वाटेल. वारीचंही तेच. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी, परळी, अंबाजोगाई अशी मराठवाडा ओलांडत पंढरपूरला जाते, गावोगावच्या दिंड्या निघतात. वर्गातल्या काही मावश्या पाडव्यापासूनच चालण्याचा सराव वाढवतात. पाय कसे बांधायचे, पोटऱ्यांचे ताण कसे काढायचे, हे त्या माझ्याकडून हट्टानं शिकतात. अडचण येते ती आषाढी झाल्यावर. वारी पुरी होते आणि वर्गातली जागा रिकामी दिसू लागते. तेव्हा त्यांना परत आणतो तो हजेरी घेणाऱ्याचा फोनच.

मार्च २०२० मध्ये हे सगळं एका झटक्यात थांबलं. बागा बंद, मैदानं बंद, आणि साठीपुढच्यांनी तर उंबऱ्याबाहेर पडूच नये अशी परिस्थिती. सुरुवातीला मी व्यायामाचे व्हिडिओ करून व्हॉट्सॲपवर टाकले. बघितले सगळ्यांनी, अंगठेही पाठवले, केले मात्र फार थोड्यांनी. मग समोरासमोरचा ऑनलाइन वर्ग सुरू केला आणि चित्र बदललं. व्हिडिओ कोणत्याही वेळी बघता येतो, म्हणून तो नंतरवर ढकलला जातो. वर्ग सकाळी सातला असतो आणि तिथं नाव घेऊन कुणीतरी विचारतं. झूमची फुकटची मर्यादा चाळीस मिनिटांची. ती संपत आली की सगळे भराभर एकमेकांना रामराम करायचे. तरीही पुन्हा जोडून केवळ बोलत बसायची मागणी व्हायचीच.

अडचणी काही कमी नव्हत्या. फोन नातवाचा, त्याची शाळाही त्याच फोनवर. छताचा पंखा दिसतोय पण काकू दिसत नाहीत. रेंज गेली की हात वर केलेले तसेच वर. मी मात्र आधी सुरक्षेचे नियम घातले: खुर्ची भिंतीला टेकवलेली, पायात मोजे नकोत, तोल सांभाळण्याच्या व्यायामाला घरातलं कुणीतरी जवळ हवं. या शेवटच्या नियमाचा एक फायदा मी योजला नव्हता. जवळ उभी राहिलेली सून, नातू, कधी आजोबा, हेही करायला लागले. पुण्यात नोकरीला असलेला एक मुलगा तिकडून वर्गात यायचा, आईला बघायला. नंतर तिच्यासोबत उठबस करू लागला. आईला त्याच्यापेक्षा जास्त वेळा उठता येतं, हे दोघांनाही तिथंच समजलं.

लॉकडाऊन संपल्यावर ऑनलाइन वर्ग बंद करावा असं पुरुषांना वाटत होतं. बंद होऊ दिला नाही तो आज्यांनी. नातवाची बारावी संपली की लातूरची खोली सुटते. आजी मुखेडला, देगलूरला, अहमदपूरला, जळकोटला परत जाते. तिथं वर्ग नाही आणि बाईमाणसानं रस्त्यानं एकटीनं नुसतं फिरायचं, तर लोक विचारतात, "कुणाकडं निघालाव?" या बायकांना फोनवर ओळखीचे चेहरे हवे होते. ऑनलाइन वर्गानं अनोळखी माणसांना फार जवळ आणलंय, असं मला दिसलं नाही. नवखी माणसं तिथं लवकर गळतात. पण एकदा एका मैदानावर घाम गाळलेली माणसं लांब गेली, तर त्यांना बांधून ठेवायला तो फार उपयोगी आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात बसवलेला घरच्या घरी करायच्या व्यायामांचा एक कार्यक्रम आम्ही सगळे फिजिओथेरपिस्ट शिकतो. त्याच्या चार चाचण्यांत मिळून पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलं. त्यात पायांना बांधायची वजनं आहेत, तोलाचे व्यायाम आहेत, आणि घरभेटी नसतील त्या महिन्यांत फोन करायचा आहे. विद्यार्थिदशेत ती फोनची ओळ मी वाचून सोडून दिली असावी. आता ती मला वजनांइतकीच महत्त्वाची वाटते.

नेम मोडायला आमच्याकडं कारणं भरपूर. एप्रिल-मेमध्ये नांदेडचा पारा ४३-४४ ला जातो, तेव्हा वर्ग साडेपाचला आणतो आणि आधी पाणी पाजतो. लग्नसराईत अर्धे गायब. मृगात गावाकडं पेरणी. आणि या वयाच्या वर्गात मृत्यूही येतो. हजेरी वहीत एखाद्या नावापुढं काहीच लिहायचं नसतं. अशा दिवशी आम्ही व्यायाम करत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र करतो, आणि त्या दिवशी एरवी दांड्या मारणारेही आलेले असतात.

सध्या मुखेड तालुक्यातल्या एका गावात वर्ग चालतो तो माझा नव्हे. लातूरला दोन वर्षं काढून गेलेल्या एका आजींनी तो घातलाय. त्यांच्या ओसरीवर शेजारच्या बायका जमतात, फोन उभा करायला खांबाजवळ पायली ठेवलेली असते. आकडे आजी मोजतात. मी पलीकडून पाय कसा पडतोय ते बघते, कुणाची पाठ वाकली तर सांगते. गावात मजबूत खुर्च्या नाहीत, प्लास्टिकच्या घसरतात, म्हणून त्या ओसरीच्या कट्ट्यावरून उठबस करतात, आणि कट्टा खुर्चीपेक्षा बुटका असल्यानं त्यांचा व्यायाम शहरातल्या वर्गापेक्षा कठीणच होतो. परवा आजींचा निरोप आला. सोयाबीनची काढणी आली आहे, घरातल्या सगळ्या बाया शेतावर, सकाळी लेकरं सांभाळायची आणि भाकरी पोचवायच्या. तेव्हा काढणी होईपर्यंत वर्ग दुपारी चारला, नंतर पुन्हा सातला. मला चारची वेळ जमेल का, हे त्यांनी विचारलेलं नाही. मी तेव्हाचे पेशंट पुढं ढकलले आहेत.